एकोणीस जणी आणि एक

व्हरमाँटमधल्या त्या लहानशा कॉलेजच्या तळघरात
ऑगस्टा थ्रेल अजून कार्डांच्या पेटीवरच विसंबते.
संगणक आहे; त्याच्या डोक्यावर ती हातमोजे वाळत घालते.

मी नवीन. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं:
माजी विद्यार्थिनी एकटी असेल तर अलम्ना,
एकटा असेल तर अलम्नस.
सगळ्या बायाच असतील तर शेवटी ए आणि ई,
आणि त्यात एक जरी पुरुष शिरला
तर नुसता आय.
एक जरी?
एक जरी.
(विरजणाला तरी किती लागतं, मी मनात म्हटलं.)

उच्चाराचं मात्र विचारू नकोस.
लॅटिन शिकवणारा म्हातारा क्विम्बी
बायकांना म्हणायचा 'नाय', पुरुषांना 'नी'.
डीनबाई नेमकं उलटं.
दोघं एकाच टेबलावर जेवायची,
मीठ मागण्यापलीकडे बोलायची नाहीत.
कानाला काही कळत नाही, पोरी,
कागदालाच कळतं.

१९४९ चा खण.
एकोणीस मुली, आणि लोवेल ड्युफ्रेन:
युद्धावरून परतलेला, डाव्या पायानं लंगडणारा,
सरकारी पैशांवर वनस्पतिशास्त्र शिकायला आलेला.
पुरुषांच्या कॉलेजात जागा उरली नव्हती
म्हणून यांनी एक खुर्ची वाढवली.
स्वच्छतागृह रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये.
बर्फातून, काठी टेकत, दिवसातून तीनदा.

त्या एका खुर्चीपायी
एकोणीस जणींचं अनेकवचन बदललं.
बर्निस, थिओडोरा, मॅजेल, दोघी हॅझलटन बहिणी,
सगळ्यांच्या पाकिटावर आय.
थिओडोरा दर वर्षी देणगीच्या फॉर्मवरचा तो आय
निळ्या शाईनं खोडायची,
वर ए-ई लिहायची,
आणि पाच डॉलर जोडून फॉर्म परत पाठवायची.

लोवेलनंही लिहिलं होतं एकदा. पोस्टकार्ड आहे.
'माझ्यासाठी शब्द बदलू नका.
मी शेवटच्या बाकावर बसत होतो.'
ऑगस्टानं उत्तर धाडलं: नियम आहे.
हे सांगताना तिनं चष्मा काढला, पुसला,
पुन्हा लावला नाही.

कार्डं कमी होत गेली.
एका हिवाळ्यात चार.
एकदा दोघी बहिणी, एकाच आठवड्यात.
मी आले तेव्हा खणात तीनच:
लोवेल, थिओडोरा, मॅजेल. अजूनही आय.

मार्चमध्ये लोवेल गेला.
वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवून झाल्यावर
ऑगस्टा म्हणाली, आता बदल.
मी ए दाबला. ई दाबला.
पंचाहत्तर वर्षांनी व्याकरण त्या दोघींकडे परत आलं.
थिओडोराच्या हाती ते पाकीट पडलं का, ठाऊक नाही.
मे महिन्यात उत्तर आलं ते मॅजेलचं, एकटीचं.
ऑगस्टानं पेन्सिल घेतली
आणि फक्त शेवटचा ई खोडला.
बाकी शब्द तसाच चालला.

रात्री जाड शब्दकोश काढला.
मुळात पदवीशी काही संबंधच नाही.
ज्याला खाऊ घातलं, वाढवलं,
ते.
पोसलेलं.
बघा, मला विचारायच्या आत
माझ्या भाषेनं लिंग लावूनही टाकलं.
लेकरू म्हणतो आपण, आणि पुढे जातो.
मग ती वीस जणं आली, जेवली, बर्फात हसली,
गेली.
कुणा एकासाठी कुणी मुकाट व्हायची गरज नाही.
आणि 'ती' म्हणजे मॅजेलसुद्धा,
खिडकीशी, हातात पाकीट.

सकाळी हे सांगायला धावत खाली गेले.
ऑगस्टा १९५० चा खण लावत होती.
यात पुरुष किती? मी विचारलं.
एकही नाही, ती म्हणाली.
लोवेलनं चर्चच्या रस्त्याचं
सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.